पंडितराजांचे दीक्षितांशी भांडण

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंत, म्हणजे कोकणात पावसाची वाट पाहण्याचे किंवा त्याच्या पहिल्या सरी झेलण्याचे जे दिवस असतात त्या दिवसांत, आमच्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांतून दशहराच्या निमित्ताने गंगालहरी वाचली जाते. स्तोत्र जगन्नाथ पंडितांचे, म्हणजेच पंडितराजांचे, आहे, आणि वाचणाऱ्याला त्यातले श्लोक एकवेळ पाठ नसतील, पण त्याची कथा पाठ असते. दिल्लीच्या बादशहाच्या दरबारी राहिलेल्या पंडितांनी यवनकन्येशी विवाह केला, काशीच्या विद्वानांनी त्यांना वाळीत टाकले, तेव्हा ते पत्नीसह घाटाच्या बावन्नाव्या पायरीवर बसले, एकेका श्लोकासरशी गंगा एकेक पायरी वर चढली आणि शेवटी तिने दोघांनाही पोटात घेतले. या कथेत अप्पय्य दीक्षित नावाचे दुसरे एक पंडित येतात. पहाटे घाटावर तोंड झाकून झोपलेल्या एका म्हाताऱ्याला पाहून ते म्हणतात की मरण जवळ आले असताना असा निर्धास्त काय झोपला आहेस. म्हातारा पांघरूण दूर करतो, दीक्षित त्याला ओळखतात आणि श्लोकाचा उत्तरार्ध बदलून सांगतात की सुखाने झोपा, आपल्या उशाशी जान्हवी जागी आहे.

प्रसंग हृद्य आहे आणि त्याच्या बळावर आपण दोन वैऱ्यांचा समेट मनातल्या मनात करून टाकतो. विद्याधर गोखले यांच्या १९६० सालच्या संगीत नाटकाने पंडितराजांची प्रेमी कवी ही प्रतिमा मराठी मनात आणखी पक्की केली. त्या प्रतिमेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तिच्यामागे जगन्नाथ पंडितांचे खरे जीवनकार्य दिसेनासे झाले आहे, आणि ते कार्य म्हणजे ‘रसगंगाधर’ हे संस्कृत काव्यशास्त्रातले शेवटचे थोर पुस्तक लिहिणे आणि ते लिहिताना अप्पय्य दीक्षितांच्या मतांचा पानोपानी, कधी युक्तीने आणि कधी निव्वळ कडवटपणाने, समाचार घेणे हे होय. त्या भांडणाचा विषय काव्याच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे, आणि तो समेटाच्या कथेपेक्षा अधिक मोलाचा आहे असे मला मनापासून वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

मुळात हे दोघे घाटावर भेटले असण्याची शक्यताच नाही. अप्पय्य दीक्षित तमिळ प्रदेशातल्या आरणीजवळच्या अडयप्पलम गावचे. तेथील काळकंठेश्वराच्या देवळात त्यांच्यासंबंधीचा १५८२ सालचा शिलालेख आहे. परंपरेने त्यांचा काळ १५२० ते १५९३ मानला जातो. काहींनी तो पुढे ओढून १५५४ ते १६२६ धरला आहे. यातला कोणताही धरला तरी शाहजहान १६२८ साली तख्तावर येण्याच्या आधीच दीक्षित निवर्तले होते, आणि ‘पंडितराज’ ही पदवी तर जगन्नाथांना शाहजहानने दिली. नूरजहानचा भाऊ आसफखान, ज्याच्या स्तुतीसाठी त्यांनी ‘आसफविलास’ लिहिले, तो १६४१ साली वारला. आपले तारुण्य ‘दिल्लीवल्लभा’च्या हाताच्या पालवीखाली गेले असे जगन्नाथ स्वतःच सांगतात. तेव्हा दरबार सोडून काशीला आलेल्या वृद्ध जगन्नाथांना जागे करायला दीक्षित हयात नव्हते. याचा अर्थ असा की पंडितराजांनी आयुष्यभर ज्याच्याशी वाद घातला तो माणूस त्यांच्या वाक्याला उत्तर देऊच शकत नव्हता.

आमच्या वाडीत एक वयस्कर दशावतारी कलावंत आहेत. गंगालहरीची कथा त्यांना आमच्यापेक्षा रसभरीत सांगता येते. दोघे भेटलेच नव्हते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘‘मगे मेलेल्या माणसावांगडा कसलो रे झगडो?’’ मला हा प्रश्न फार योग्य वाटला. मेलेल्या माणसाशी माणूस इतक्या त्वेषाने का भांडतो याचे उत्तर चरित्रात थोडेसे सापडते आणि ग्रंथात पुष्कळ सापडते.

चरित्रातला भाग आधी उरकून घेतो. जगन्नाथ हे तेलुगू ब्राह्मण, पेरुभट्टांचे पुत्र. रसगंगाधराच्या आरंभी ते वडिलांच्या गुरूंची यादी देतात, आणि तीत व्याकरणासाठी काशीच्या शेष घराण्याचे नाव येते. त्याच घराण्यातल्या शेष कृष्णांकडे ‘सिद्धान्तकौमुदी’ या व्याकरणग्रंथाचे कर्ते भट्टोजी दीक्षित शिकले, आणि पुढे ‘प्रौढमनोरमा’ या ग्रंथात त्यांनी आपल्या गुरूच्याच मतांचे खंडन केले. जगन्नाथांना हा गुरुद्रोह वाटला व त्यांनी मनोरमेवर खंडनग्रंथ लिहिला, ज्याचे नाव आज उच्चारतानाही संकोच वाटावा इतके उग्र आहे. भट्टोजी अप्पय्य दीक्षितांना गुरुस्थानी मानत. भर सभेत भट्टोजींनी जगन्नाथांना ‘म्लेच्छ’ म्हटले अशी आठवण एका जुन्या श्लोकात आहे, आणि ते शब्द द्राविडाच्या, म्हणजे दीक्षितांच्या, प्रभावाखाली उच्चारले गेले असा त्यात रोख आहे. घराण्याचे वैर, पंथाचे वैर, दरबारात राहिल्याबद्दलची हेटाळणी, हे सगळे यात आहे. पण एवढ्यावर कोणी अलंकारांच्या व्याख्या वर्षानुवर्षे तपासत बसत नाही.

खरे कारण एका श्लोकात पाहता येते. अमरुशतकातला तो श्लोक काव्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटतो, कारण मम्मटाने काव्यप्रकाशात उत्तम काव्याचे उदाहरण म्हणून तो घेतला आहे:

निःशेषच्युतचन्दनं स्तनतटं निर्मृष्टरागोऽधरो
नेत्रे दूरमनञ्जने पुलकिता तन्वी तवेयं तनुः ।
मिथ्यावादिनि दूति बान्धवजनस्याज्ञातपीडागमे
वापीं स्नातुमितो गतासि न पुनस्तस्याधमस्यान्तिकम् ॥

नायिकेने दूतीला प्रियकराला बोलवायला पाठवले आहे. दूती एकटीच परत येते आणि विहिरीवर अंघोळीला गेले होते असे सांगते. नायिका तिला म्हणते: तुझ्या उरावरचे चंदन पार गेले आहे, ओठाचा रंग पुसला आहे, डोळ्यांत काजळ उरलेले नाही, अंगावर काटा आला आहे, खोटारडे, आपल्या माणसाची पीडा न जाणणाऱ्या दूती, तू इथून विहिरीवर अंघोळीलाच गेली होतीस, त्या अधमाकडे काही गेली नव्हतीस. बोललेले एक आहे आणि कळते ते नेमके उलटे आहे: तू त्याच्याकडेच गेली होतीस, आणि त्याच्याशी रत होऊन आलीस. शब्द जे सांगत नाहीत ते कळणे, यालाच आनंदवर्धनांनी नवव्या शतकात ध्वनी म्हटले आणि काव्याचा आत्मा ठरवले.

अप्पय्य दीक्षितांनी ‘चित्रमीमांसे’त या श्लोकाचा अर्थ अत्यंत बारकाईने लावला. त्यांचे म्हणणे असे की श्लोकातली प्रत्येक खूण अंघोळीला वगळणारी आहे. अंघोळीने चंदन गेले असते तर ते सगळीकडूनच गेले असते, पण येथे ‘तट’ म्हणजे उंच भागावरचेच गेले आहे. रंग पुसला आहे तो खालच्या ओठाचा. म्हणजे या खुणा अंघोळीच्या असूच शकत नाहीत, त्या आलिंगनाच्या आणि चुंबनाच्याच आहेत, आणि त्यांतूनच व्यंग्य, म्हणजे सूचित, अर्थ निघतो. वाचणाऱ्याला पहिल्या फटक्यात हे पटते. आपल्या वर्गांतून कवितेचे रसग्रहण असेच तर शिकवले जाते: प्रत्येक शब्दाकडे बोट दाखवायचे आणि तो कुठे नेतो ते सांगायचे.

जगन्नाथ पंडित या व्याख्येवर तुटून पडतात. अलंकारशास्त्राचे तत्त्वच न कळल्यामुळे हे लिहिले गेले आहे, ते सर्व प्राचीन ग्रंथांच्या विरुद्ध आहे आणि युक्तीलाही धरून नाही, असे ते म्हणतात. भाषा कठोर आहे, पण तिच्यामागची युक्ती पाहिली की मला तरी मान डोलवावीशी वाटते. अकराव्या शतकात महिमभट्टांनी ‘व्यक्तिविवेक’ लिहून असा पक्ष मांडला होता की ध्वनी म्हणून वेगळे काही मानायची गरज नाही, धूर पाहून अग्नी ओळखावा तसे आपण खुणांवरून अर्थाचे अनुमान करतो. त्यावर मम्मटांनी काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात याच श्लोकाचा आधार घेऊन उत्तर दिले होते: चंदन जाणे, काजळ जाणे या गोष्टी अंघोळीनेही होतात, श्लोकात तर त्या अंघोळीचाच परिणाम म्हणून सांगितल्या आहेत, त्या संभोगाशी अव्यभिचाराने, म्हणजे अटळपणे, जोडलेल्या नाहीत, म्हणून त्यांवरून अनुमान होऊ शकत नाही आणि तरीही अर्थ कळतो, म्हणून व्यंजना, म्हणजे शब्दाची सूचनशक्ती, मानावी लागते. आता दीक्षित जर म्हणत असतील की या खुणा फक्त संभोगाच्याच आहेत, तर त्यांनी ध्वनीचे समर्थन करता करता महिमभट्टांच्या हातात शस्त्र दिले. खूण पक्की झाली की ती पुरावा होते, आणि पुराव्यावरून जे सिद्ध होते ते काव्यातले सूचन राहत नाही.

जगन्नाथांचा दुसरा मुद्दा मला याहून सुंदर वाटतो. ही नायिका विदग्ध, म्हणजे चतुर, आहे. आपली फसवणूक झाल्याचे तिला कळले आहे, पण ते उघड बोलून दाखवणे तिच्या स्वभावात नाही. म्हणून ती अशाच खुणा निवडते ज्या अंघोळीलाही लागू पडतील, म्हणजे ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाला वाक्य सरळ वाटेल. जर तिने अंघोळीला न जुळणाऱ्या खुणा सांगितल्या, तर तिने आरोपच केला असे होईल. तिचे चातुर्यही गेले आणि तिची लाजही गेली. श्लोकाचे सगळे सामर्थ्य दोन्ही अर्थ शेवटपर्यंत शक्य राहण्यात आहे, आणि ‘अधम’ हा एक शब्द पडल्यावर दुसरा अर्थ आपोआप जिवंत होण्यात आहे. दीक्षित शब्दांचा अर्थ लावत होते. जगन्नाथ बोलणाऱ्या बाईकडे पाहत होते. सतराव्या शतकात कोणी शास्त्रकार एका काल्पनिक स्त्रीच्या मानाची इतकी काळजी घेतो, हे वाचून मला त्यांच्या कडवट भाषेबद्दल निम्मी क्षमा करावीशी वाटते.

निम्मीच, कारण उरलेली निम्मी करणे अवघड आहे. ‘चित्रमीमांसाखंडन’ या छोट्या ग्रंथात त्यांनी रसगंगाधरात विखुरलेले सगळे दोषारोप एकत्र केले आहेत, जणू मोठ्या ग्रंथात ते कोणाच्या नजरेतून सुटतील अशी त्यांना भीती होती. दीक्षित प्राचीनांच्या, विशेषतः अलंकारशास्त्रकार रुय्यकांच्या, मागे आंधळेपणाने जातात हा आरोप ते पुन्हा पुन्हा करतात, आणि त्याच वेळी स्वतःच्या पुष्कळ चर्चांची चौकट दीक्षितांनी आखून दिलेलीच वापरतात. प्रश्न कोणी विचारला याचे श्रेय ते देत नाहीत. नव्यन्याय या तर्कशास्त्राच्या काटेकोर पारिभाषिक भाषेत व्याख्येचा एकेक शब्द सोलून पाहणारा हा माणूस प्रतिपक्षाच्या बाबतीत मात्र साधे औदार्य दाखवू शकला नाही.

दीक्षितांचे मोठेपण तर लपण्यासारखे नव्हते. शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. शैवमत, मीमांसा, वेदान्त, काव्य या सगळ्यांत त्यांचा अधिकार चालत असे. पेनुगोंड्याच्या वेंकटपती राजाच्या सांगण्यावरून लिहिलेला ‘कुवलयानंद’ हा अलंकारांचा ग्रंथ तर भारतभर पाठ्यपुस्तक झाला. जयदेवांच्या चंद्रालोकातल्या सुटसुटीत कारिका घेऊन, एका अर्ध्यात लक्षण आणि दुसऱ्या अर्ध्यात उदाहरण, अशा रीतीने शंभराहून अधिक अर्थालंकार त्यात समजावले आहेत. मलाही अलंकारांची ओळख त्याच पुस्तकाने करून दिली, आणि अर्थान्तरन्यास व दृष्टान्त यांतला फरक आजही मला त्यातल्या कारिकेवाचून सांगता येत नाही. चित्रमीमांसेत त्यांनी उपमेबद्दल लिहिले आहे ते वाचल्यावर या माणसाला रसिकता नव्हती असे कोण म्हणेल:

उपमैका शैलूषी सम्प्राप्ता चित्रभूमिकाभेदान् ।
रञ्जयति काव्यरङ्गे नृत्यन्ती तद्विदां चेतः ॥

उपमा ही एकच नटी आहे, ती निरनिराळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर नाचते आणि जाणकारांचे मन रिझवते. रूपक, उत्प्रेक्षा, अपह्नुती, संदेह हे सगळे तिचेच वेष. आमच्याकडे जत्रेच्या रात्री एकच दशावतारी नट एका प्रवेशात राजा आणि पुढच्या प्रवेशात ऋषी होऊन येतो, आणि आवाजावरून सगळे त्याला ओळखतात, तसेच हे आहे. वरचा श्लोक मी शेजारच्या त्या वयस्कर कलावंतांना अर्थासह ऐकवला तेव्हा त्यांनी तो मला पुन्हा म्हणायला लावला.

दोघांमधला फरक माझ्या मते येथे आहे. दीक्षित हे शिक्षक आहेत. शतकानुशतके साचलेले ज्ञान नीट लावून पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, एका सूत्रात अनेक गोष्टी बसतील तर बसवाव्यात, ही त्यांची वृत्ती. उदाहरणे ते जुन्या कवींची घेतात, कारण शिकणाऱ्याला ती आधीच माहीत असतात. जगन्नाथ हे कवी आहेत आणि शास्त्रातही ते कवीच्याच अभिमानाने उतरतात. काव्याचे कारण कोणते, या प्रश्नाला प्रतिभा, व्युत्पत्ती (म्हणजे बहुश्रुतता) आणि अभ्यास असे तिहेरी उत्तर देण्याची रीत होती. त्यांनी ते खोडून ‘केवला प्रतिभा’ असे उत्तर दिले. काव्याची व्याख्या त्यांनी ‘रमणीयार्थप्रतिपादकः शब्दः काव्यम्’ अशी केली आणि रमणीयता म्हणजे लोकोत्तर आनंद देणाऱ्या ज्ञानाचा विषय होणे असे स्पष्ट केले. मम्मटांचे काव्याचे तीन दर्जे अपुरे वाटल्यामुळे ‘उत्तमोत्तम’ हा चौथा दर्जा वर जोडला, आणि त्याचे उदाहरण म्हणून स्वतःचा श्लोक दिला: शेजारी निजलेली, पण मनातले मनोरथ पुरे करण्याचे धाडस नसलेली नववधू अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पतीचे मुख पाहते आहे. सबंध ग्रंथात परक्याचे उदाहरण घेणार नाही, असा त्यांचा पणच होता. कस्तुरी निर्माण करण्याची शक्ती ज्याच्या अंगी आहे तो मृग फुलांच्या सुगंधाकडे मनाने तरी वळेल काय, असे ते सुरुवातीलाच विचारतात. असा माणूस दुसऱ्यांच्या वचनांचा संग्रह करणाऱ्या शास्त्रकाराकडे कसा पाहील ते वेगळे सांगायला नको. आणि ज्या शास्त्रकाराला सगळा देश वाचतो आहे, जो आता हयात नसल्यामुळे ज्याचे प्रत्येक वाक्य प्रमाण होऊन बसले आहे, त्याच्याकडे तर तो अधिकच अस्वस्थ होऊन पाहील. मेलेल्या माणसाशी झगडा कसला, याचे मला सापडलेले उत्तर हे आहे: मेलेल्या माणसाचे पुस्तक रोज नव्या विद्यार्थ्याशी बोलत असते.

आपल्या कोकणाचे या ग्रंथांशी एक जवळचे नाते आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा जन्म १८८० साली चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातला. शिक्षण दापोलीत झाले, आणि काही काळ त्यांनी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिकवले. भारतरत्न मिळालेले धर्मशास्त्राचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी साहित्यदर्पणाच्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना वाढत जाऊन संस्कृत काव्यशास्त्राचा स्वतंत्र इतिहास झाली, हे कमी लोकांना ठाऊक असते. त्यात त्यांनी रसगंगाधराला ध्वन्यालोक आणि काव्यप्रकाश यांच्या खालोखाल स्थान दिले आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८८ साली काव्यमालेत रसगंगाधर छापले आणि पुढे त्याच मालेत चित्रमीमांसा आणि चित्रमीमांसाखंडन एका पुस्तकात बांधून काढले. आमच्या वडिलांच्या कपाटात ही जोडपुस्तिका होती. कोकणच्या दमट हवेने तिची पाने पिवळी पडली आहेत, तरी अक्षर स्वच्छ आहे. मी ती नेहमी दोन्हीकडून वाचतो: आधी दीक्षितांचे लक्षण, मग त्यावरचा आक्षेप, मग पुन्हा लक्षण. निम्म्या ठिकाणी आक्षेप वाचून लक्षणाकडे परतले की ते आधीपेक्षा चांगले कळते, आणि हे जगन्नाथांना मुळीच आवडले नसते.

दोघांचेही मोठे ग्रंथ अपुरे राहिले. चित्रमीमांसा अतिशयोक्तीपाशी थांबते. अर्धी असली तरी सूर्याच्या मांड्या नसलेल्या सारथ्यासारखी किंवा शंकराच्या मस्तकावरल्या अर्ध्या चंद्रासारखी ती कोणाला बरे आनंद देणार नाही, असे विचारणारा तिच्याबद्दलचा श्लोकही आहे. रसगंगाधर उत्तरालंकाराच्या चर्चेत तुटते. त्यापुढे लिहिले गेलेच नाही की लिहिलेले हरवले, याविषयी तर्क करण्यात मला रस नाही. जे आहे तेच एका आयुष्यात पचणे कठीण आहे.

चित्रमीमांसाखंडनाच्या आरंभी जगन्नाथांनी एक आव्हान ठेवले आहे. सूक्ष्म विचार करून मी दाखवलेल्या या दोषांचा परिहार जर कोणी मत्सररहित माणूस करील, तर त्या उज्ज्वल बुद्धीच्या माणसाचे पाय मी वाहीन. ते आव्हान पुढे ज्याने घेतले तो महाराष्ट्रीय होता. काशीतले नागेशभट्ट, आडनाव काळे, हे भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित यांचे शिष्य, म्हणजे ज्या परंपरेला जगन्नाथांनी शत्रू मानले तिच्यातलेच. त्यांनी रसगंगाधरावर ‘गुरुमर्मप्रकाश’ ही टीका लिहिली. आज रसगंगाधर वाचताना पावलोपावली हात देणारी टीका तीच आहे, आणि तीत जेथे जगन्नाथ दीक्षितांवर घसरतात तेथे काही ठिकाणी नागेश शांतपणे दीक्षितांची बाजू मांडतात आणि पुढच्या ओळीवर जगन्नाथांचा अर्थ उलगडायला परत येतात. त्यांचा स्वर कुठेही चढत नाही. त्यांचे सगळेच परिहार मला पटतात असे नाही. व्याकरणाच्या अंगाने ते जिंकतात तेव्हा काव्याच्या अंगाने प्रश्न तसाच राहतो असे पुष्कळदा होते. यंदाच्या पावसाळ्यात मी रसगंगाधरातले उत्प्रेक्षा प्रकरण नागेशांसह पुन्हा वाचायला घेतले आहे, आणि तेथे दीक्षितांचे पारडे जड आहे असा माझा कल होत चालला आहे. दूतीच्या श्लोकाबाबत मात्र मी अजून जगन्नाथांच्याच बाजूला आहे, आणि कोणी उलट बाजू नीट मांडून दाखवली तर ती ऐकायची माझी तयारी आहे.